तवंदीच्या घाटात उकळलेलं पेट्रोल

निपाणीत हमरस्त्याला लागून माझं गॅरेज होतं तेव्हाची ही गोष्ट. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं शिक्षण चौथी. त्याची मला लाज नाही. इंजिन उघडायला शाळा लागत नाही. कान लागतो, हात लागतो आणि नाक लागतं. माझं नाक त्या भागात नावाजलेलं होतं. सायलेन्सरचा धूर हुंगून मी सांगायचो, पिस्टनच्या रिंगा गेल्यात की नुसता कार्बोरेटर बिघडलाय. ट्रकवाले पैज लावायचे आणि हरायचे. एकदा मीच हरलो. ते सांगायला बसलोय, पण सगळं नीट वाचून मग काय म्हणायचं ते म्हणा.

दिवसच असे होते की कुणाचा भरवसा धरू नये. पेट्रोलात रॉकेल मारायचे. जळकं ऑइल फडक्यातनं गाळून नव्या डब्यात भरायचे. नवा म्हणून घेतलेला प्लग घासून पुसून चमकवलेला जुनाच निघायचा. सीमेच्या अलीकडचे म्हणायचे पलीकडचं पेट्रोल खोटं, पलीकडचे म्हणायचे अलीकडचं. मी दोघांचंही खरं धरत नसे. दुकानातला कोरा नट पण उजेडात धरून त्याचे आटे बघितल्याशिवाय मी घेतला नाही. बायको म्हणायची, "ताटातली भाकरी पण उलटी करून बघताय की." बघायचो. करपलेली बाजू खाली घालून वाढायची तिला सवय होती.

बेळगावात टिळकवाडीला एक वकीलसाहेब राहत. कोर्टात दिवाणी दावे चालवायचे आणि रस्त्यावर गाडी पळवायचे. रस्त्यात तेव्हा दोनच जातीच्या गाड्या दिसत, एक अंगानं भरलेली आणि एक सडपातळ. साहेबांची सडपातळ होती. बाहेरनं चारचौघींसारखी, पण पोटातनं ती मी बदललेली. मे महिन्यात कुठल्याशा घाटात गाड्या चढवायची शर्यत असायची, त्यात त्यांना उतरायचं होतं. बेळगावातली मोठी गॅरेजं सोडून ते माझ्याकडं आले. का आले याचा पण मला आधी संशयच आला होता. पण माणूस हौशी निघाला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नेऊन मी इंजिनचं हेड घासून आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो. एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. आणि एक्झॉस्टचे चार पाइप स्वतः केले. कंपनीनं चारही सिलिंडरांचा धूर एकाच आखूड तोंडातनं काढलेला असतो, इंजिन गुदमरतं. मी प्रत्येकाला वेगळी नळी दिली आणि पुढच्या सीटच्या खाली चारी एकत्र आणल्या. नळीत कोरडी वाळू ठासून, भट्टीत लाल करून वाकवल्या, म्हणजे कुठं चेपत नाहीत. वेल्डिंग माझं. गाडीखाली जागा कमी होती, पण बसवले. पहिल्यांदा चालू केली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन रस्त्यावर आली. असा आवाज निपाणीनं ऐकला नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, हे काम बेळगावात कुणाला जमलं नसतं." मी म्हणालो, "व्हय, नसतंच जमलं."

गाडीवरचा ड्रायव्हर पण मीच दिलेला. तंबाखूच्या ट्रकवर होता. वय पंचविशीच्या आसपास, हात हलका, क्लच कधी जाळला नाही. त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत पोती वाहून म्हातारा झाला. त्या घरात लायसन काढणारा हाच पहिला. घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. सोबत थोरली बहीण, विड्या वळून तिनंच त्याला वाढवलेलं. वकिलांनी त्याला पांढरा शर्ट-पँट शिवला तेव्हा ती गॅरेजात येऊन मला गूळ-शेंगदाणे देऊन गेली होती.

साहेबांच्या निपाणीच्या कोर्टात तारखा असत. सकाळी थंड वाऱ्यात बेळगावहून गाडी ते स्वतः पळवत आणायचे, ड्रायव्हर शेजारी; तो कामाला बेळगावात साहेबांकडंच राहायचा, घरी मधनंमधनं यायचा. कोर्टाच्या आवारात गाडी दुपारपर्यंत उभी. परत जाताना साहेब मागं बसून कागद वाचत, चालवायचा ड्रायव्हर. निपाणी सोडली की लगेच तवंदीचा घाट लागतो. एप्रिल लागला आणि त्या घाटात गाडी थांबायला लागली.

पहिल्यांदा थांबली तेव्हा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी मला सांगायला आला.

"अण्णा, तिसऱ्या वळणावर गाडीनं जीव सोडला. अर्धा तास झाडाखाली बसलो. परत स्टार्टर मारला तर हसत चालू."

"फडकं टाकलं न्हाईस?"

हे फडक्याचं त्या वेळी शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं. टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला द्यायला इंजिनच्या कुशीत एक छोटा पंप असतो. उन्हाळ्यात घाट चढताना तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलाऐवजी नुसती वाफ चोखत बसतो. गाडी बंद. मग ओलं फडकं त्याच्यावर टाकायचं, पंप निवला की गाडी चालू. प्रत्येक ड्रायव्हरच्या सीटखाली पाण्याची बाटली आणि एक फडकं असायचंच.

"टाकलं की," तो म्हणाला. "दोनदा भिजवून टाकलं. काय फरक न्हाय."

"पंपावरच टाकलंस न्हवं?"

"पंपावर न्हाय तर काय माझ्या डोक्यावर टाकू? अण्णा, खाली गाडीच्या पोटात गुडगुड वाजतंय. डाळ शिजल्यागत."

"बॉनेटमधी?"

"बॉनेटमधी न्हाय. खाली. माझ्या पायाच्या बुडाला."

"तुझंच पोट वाजत असंल. कोर्टाच्या दारातली भजी कमी खा."

हसण्यावारी नेलं. पण त्याच महिन्यात दुसऱ्यांदा थांबली, मग तिसऱ्यांदा. साहेबांची बेळगावातली एक तारीख चुकली. माझ्या डोक्यात मग चक्र सुरू झालं. फडक्यानं फरक पडत नाही म्हणजे उन्हाचा दोष नाही. उन्हाचा नाही म्हणजे माणसाचा. सकाळी साहेब चालवतात तेव्हा गाडी एकदाही थांबत नाही, दुपारी हा चालवतो तेव्हाच थांबते. मधले चार तास गाडी कोर्टात उभी, किल्ली ह्याच्या खिशात. आणि ती पोटातली गुडगुड, ती आजवर कुठल्या ड्रायव्हरनं मला सांगितली नव्हती. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त सांगतो, हे मी पुष्कळ वेळा बघितलं होतं.

साहेबांना मी तसं सरळ बोललो नाही. एवढंच म्हणालो, "परत थांबली की ढकलत का होईना, माझ्याकडंच आणा. मला पेट्रोल बघायचंय."

चौथ्यांदा थांबली तेव्हा एका ट्रकला दोर बांधून त्यांनी गाडी घाटातनं खाली माझ्या दारात आणली. दुपारचे तीन. साहेब घामानं भिजलेले, कोट हातावर. मी बॉनेट उघडलं, पंपाची नळी सोडली, एका रिकाम्या बाटलीत पेट्रोल घेतलं आणि नाकाशी धरलं.

रॉकेल. चुकायचं कारणच नव्हतं. मी कोरा कागद मागवला. चांगलं पेट्रोल कागदावर टाकलं तर बघता बघता उडतं, मागं काही राहत नाही. रॉकेल असलं की तेलकट डाग राहतो. आम्ही तिघं त्या कागदाकडं बघत उभे राहिलो. डाग राहिला. रुपयाएवढा.

"साहेब," मी म्हणालो, "ह्यात रॉकेल हाय."

"पेट्रोल मी बेळगावात माझ्यासमोर भरून घेतो," साहेब म्हणाले. "तिथं रॉकेल असतं तर सकाळी गाडी आलीच नसती." आणि मग ते ड्रायव्हरकडं वळले. "कोर्टात गाडी उभी असताना तू काय करतोस?"

"काय करणार साहेब? आत झोपतो. लईच तापली तर भिंतीच्या सावलीला बसतो."

"पेट्रोल काढून विकतोस आणि रॉकेल ओततोस."

"आईची शपथ घेऊन सांगतो, साहेब, मी हात लावला न्हाय. अण्णा, तुम्ही तरी सांगा की! तुम्ही मला वळखताय."

मी कागदाकडं बोट केलं. "मी काय सांगू? ते सांगतंय."

खिशातनं किल्ली काढून ड्रायव्हरनं ती मडगार्डवर ठेवली, पत्रा इतका तापलेला होता की हात चटकन मागं घेतला, आणि चालत निघाला. हॉटेलातली माणसं परत कप घेऊन बाहेर आलेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणालाही ते लगेच पटलं. का पटलं ते मला माहीत आहे. त्याचं घर ओढ्यापलीकडं होतं एवढं त्यांना पुरलं. मी स्वतःला तसल्यातला धरत नव्हतो, अजून धरत नाही. पण रॉकेलचा वास आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दुसरं कुणाचं तोंड आलं नाही, हेही खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी त्याची आक्का गॅरेजात आली. हातात सूप नाही, विड्यांची पानं नाहीत, रिकामी आलेली. मी कार्बोरेटर धूत होतो.

"मिस्त्री, तुझं नाक कुठं हाय बघायला आलतो."

"आक्का, बस."

"बसायला आलो न्हाय. माझ्या भावाला बेळगावच्या डेपोतनं बोलावणं आलंय. सरकारी गाडीवर. पुढच्या सोमवारी जायचंय. आधीच्या मालकाचा दाखला आण म्हणत्यात. आणि तुझा वकील म्हणतोय, दाखला देतो, त्यात चोर म्हणून लिवतो."

"मी काय करू? बाटलीत निघालं ते मी बोललो."

"बाटलीत निघालं! त्यानं आजवर माझ्या घरातली शिळी भाकरी न विचारता घेतली न्हाय. नाकावर माशी बसू देत न्हाईस, आणि त्याच नाकानं माझ्या घराला डाग लावलास. सोमवारी तो जर न्हाय गेला, तर परत पोती उचलायला जाईल. बापागत. तेवढं बघून मरायला मला ठेवलंय व्हय देवानं?"

ती गेली. मनात म्हणालो, हिला शिकवून पाठवलंय. त्या वेळी माझं डोकं तसंच चालायचं.

पुढच्या तारखेला वकीलसाहेब एकटेच आले आणि परत जाताना घाटात गाडी थांबली. तिसरं वळण. त्यांचं म्हणणं, टाकीत रॉकेल अजून शिल्लक असणार. मलाही ते पटलं. टाकी मी सगळी रिकामी केली, आतनं कोरडी होईपर्यंत उन्हात पालथी घातली, आणि ओळखीच्या पंपावर, माझ्या डोळ्यांसमोर, नवं पेट्रोल भरून घेतलं. झाकण मी लावलं. मग साहेबांना म्हणालो, "गाडी दोन तास उन्हात राहू दे, आणि मी बसतो संगं."

भर दुपारी निघालो. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणाच्या आधीच माझ्या तळपायाखाली गुडगुड सुरू झालं. डाळ शिजल्यागत. मी साहेबांकडं बघितलं, त्यांच्या कानावर ते गेलं नव्हतं. माझे चार पाइप गरजत होते. मग गाडी दोनदा उचकली आणि बंद पडली.

मी खाली उतरून गाडीखाली सरकलो. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची तांब्याची नळी पोटाखालनं येते. जिथं माझे चार पाइप एकत्र होतात, तिथं ती नळी त्यांना जवळजवळ खेटून गेलेली, मधे दोन बोटंसुद्धा नाहीत. मी नळीला हात लावला. बोटांची कातडी तिथंच राहिली. तिच्यातलं पेट्रोल उकळत होतं. पंपावर दहा फडकी टाकली असती तरी काय होणार होतं? पंपापर्यंत पेट्रोल पोचतच नव्हतं, वाफ पोचत होती. सकाळच्या गारव्यात, गाडी ताजी असताना, ते निभायचं. दुपारी, उन्हात भाजून निघालेल्या गाडीनं घाट धरला की संपलं.

"काय सापडलं?" साहेबांनी वरनं विचारलं.

"बघतो," मी म्हणालो. "गाडी माझ्याकडं ठेवून जा."

एवढंच बोललो. बोटं पोळलेली ती खिशात घातली.

गॅरेजात आल्यावर पण मी स्वतःला सोडत नव्हतो आणि ड्रायव्हरलाही सोडत नव्हतो. गाडी थांबण्याचा दोष पाइपाचा, म्हणजे माझा, बरं. पण रॉकेल तर निघालं होतं ना? दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. पाइप चुकला म्हणून ड्रायव्हर साव ठरत नाही. मी अगदी खुशीत होतो असं नाही, पण हे धरून बसलो होतो.

मग नव्या पेट्रोलाचाही वास बघावा म्हणून मी बाटली घेतली. घेतली ती सवयीनं आधी रॉकेलाच्या ट्रेमध्ये बुडवून खळखळवली, उपडी करून झटकली, आणि पेट्रोल भरलं. नाकाशी धरली.

रॉकेल.

झाकण मी लावलेलं. पेट्रोल मी भरून घेतलेलं. मधे कुणी नव्हतं.

गॅरेजमध्ये कुठलीही वस्तू पाण्यानं धुवायची नाही, असा माझा नियम होता. पाण्यानं गंज येतो. नट, जेट, कार्बोरेटर, पाने, पक्कडी, सगळं रॉकेलात. हातसुद्धा आधी रॉकेलात, मग साबणानं. चहाची किटली सोडली तर पाणी कशालाच लागायचं नाही. बाटली मी त्या दिवशीही तशीच धुतली होती. साहेब घामाघूम उभे, ड्रायव्हर उभा, आणि मी बाटली रॉकेलात खळखळवून त्यात पेट्रोल घेतलं. तिघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण मला ते धुणं वाटतच नव्हतं, श्वास घेतल्यासारखं होतं ते. मग साबणानं आणि गरम पाण्यानं बाटली धुऊन, वाळवून, परत पेट्रोल घेतलं. वास गेला. कागदावर डाग नाही.

मग कामाला लागलो, कारण काम केल्याशिवाय मला सुचत नाही. पेट्रोलची नळी तिथनं उपटून गाडीच्या दुसऱ्या अंगानं नेली. पाइपांच्या बाजूला जाड पत्र्याची आड घातली, मधे अ‍ॅस्बेस्टॉसचा थर. कार्बोरेटरखाली फायबरची जाड पॅकिंग बसवली, म्हणजे इंजिनाची ऊब वर चढत नाही. आणि पंपाच्या पुढं एक बारीक नळी काढून परत टाकीत सोडली. पेट्रोल एका जागी तुंबून तापण्याऐवजी फिरतं राहतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी तीनला, ऐन उन्हात, मी ती गाडी तवंदीवर चार वेळा चढवली. एकदाही उचकली नाही.

वकीलसाहेब गाडी न्यायला आले, घाट चढून फिरून आले आणि खूश होऊन म्हणाले, "बघ मिस्त्री, तो गेला आणि गाडी सरळ झाली. शेवटी चोरच होता."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. आता लिहितानाही लाज वाटते, पण मी नुसती मान हलवली. साहेब माझी पाठ थोपटून गेले. गाडी दुरुस्त करून मी त्या पोराच्या गळ्यातला फास आणखी आवळला होता. जोपर्यंत ती चालेल तोपर्यंत तो चोर. आणि ती आता चालणारच होती, कारण काम माझं होतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सोमवारी त्याला डेपोत जायचं होतं. शनिवारी सकाळी मी बेळगावची एसटी धरली. बरोबर ती बाटली घेतली, आणि दुसऱ्या एका डबीत थोडं रॉकेल.

टिळकवाडीत बंगल्याच्या ओट्यावर साहेब अशिलांशी बोलत होते. ते उठून गेल्यावर मला आत बोलावलं. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला आणि कोर्टात असल्यासारखं सुरू केलं.

"बाटली कुणाची?"

"माझी."

"धुतली कुणी?"

"मीच."

"कशात?"

"रॉकेलात."

"हे त्या दिवशी का सांगितलं नाहीस?"

"त्या दिवशी कुणी विचारलं न्हाय."

"मी विचारायला हवं होतं?"

"वकील तुम्ही हाय, साहेब."

ते पुढं वाकले. "त्याच्या घरचे तुझ्याकडं येऊन रडले असतील. दया आली असेल तुला. म्हणून आता हे रचून आणलंस."

"त्याची बहीण आलती. रडली न्हाय, शिव्या घालून गेली. आणि मला दया येत न्हाय, हे निपाणीत कुणालाबी विचारा."

"मग गाडी थांबत कशामुळं होती?"

हे सांगणं सगळ्यात जड गेलं. बाटलीची चूक कुणाचीही होऊ शकते. पाइप माझे होते. त्या पाइपांसाठी मी या माणसाकडून, याच तोंडानं, शाबासकी घेतली होती. "माझ्या पाइपांनी पेट्रोलची नळी तापत होती," मी म्हणालो. "मी जागा नीट बघितली न्हाय. ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, खाली गुडगुड वाजतंय म्हणून. मी त्याला हसलो."

तरी त्यांचा विश्वास बसेना. मी बाटली पुढं केली. त्यांच्याच गाडीतलं पेट्रोल त्यांच्या हातानं काढायला लावलं. एकदा कोरड्या बाटलीत, एकदा रॉकेलानं खळखळवलेल्या. दोन कागद. एकावर डाग, एकावर नाही. ते दोन्ही कागद उन्हाकडं धरून त्यांनी पाठपोट बघितले. मीही तसंच बघितलं असतं.

मग त्यांनी दाखला लिहिला. लिहून झाल्यावर म्हणाले, "शर्यतीची तयारी मी आता बेळगावातच करून घेईन." मी म्हणालो, "तुमची मर्जी. पण ती परत टाकीत जाणारी नळी कुणाला काढू देऊ नका." नमस्कार करून निघालो.

नोकरी त्याला लागली, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. पण दाखला देताना जे झालं ते वेगळं.

संध्याकाळच्या आत मी ओढा ओलांडून त्याच्या दारात गेलो. आक्का उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती, शेजारच्या दोघी-तिघी तिच्या संगं. तो आत होता, बाहेर आला. या म्हणाला नाही. मी दाखला दिला. त्यानं उभ्यानं वाचला, परत पहिल्यापासून वाचला.

"'याच्याविषयी झालेला गैरसमज दूर झाला आहे.' कुणाचा गैरसमज, अण्णा?"

"साहेबांचा. माझा."

"कशामुळं?"

मी सांगितलं. बाटली, ट्रे, पाइप, सगळं. विड्या वळणारे हात थांबले होते.

"हे ह्यात कुठं लिवलंय?"

"वकिलांचा कागद हाय तो. मी कसा लिवणार त्यात?"

"हा मी डेपोत दावतो," तो म्हणाला. "पण गावात परत कुणी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही काय सांगणार ते मला काय ठावं? त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही कागदाकडं बोट दावलं. मग मलाबी कागद द्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बेळगावपर्यंत जाऊन, वकिलापुढं खाली मान घालून हा दाखला आणला, आणि हा माझ्यावर विश्वास ठेवत नाही! फिरलोच होतो. पण मग वाटलं, मी तरी ठेवला असता काय? त्यानं आतनं वहीचं पान आणि पेन आणलं. मी उंबऱ्यावर बसून लिहिलं. माझं अक्षर तेव्हाही असंच होतं, ट्रकच्या मागं रंगवलेल्यासारखं. "गाडी थांबत होती ती मी घातलेल्या पाइपामुळे. बाटली मी रॉकेलात धुतली होती. ड्रायव्हरने चोरी केली नाही." खाली सही.

"तारीख," तो म्हणाला.

तारीख टाकली. त्यानं आत भिंतीवरच्या कॅलेंडरशी ती ताडून बघितली आणि पान आक्काकडं दिलं. तिनं ते हातात धरलं, उलटं करून बघितलं, आणि माझ्याकडं परत दिलं.

"मला वाचता येत न्हाय. तुझं तू वाच."

"ह्यानं वाचून दावू दे की."

"तो माझा भाऊ हाय, तो चांगलंच वाचणार. तू वाच. मोठ्यानं."

शेजारच्या दोघी बघत होत्या. पलीकडच्या दारात आणखी माणसं येऊन उभी राहिली. मी उठून उभा राहिलो, पान नाकापासून लांब धरलं आणि वाचलं. पहिली ओळ नीट गेली. बाटलीपाशी आवाज बसला.

"ते बाटलीचं ऐकू आलं न्हाय," आक्का म्हणाली. "परत."

मी परत वाचलं.